यंत्राचा आवाज कोर्सला लावताय? या चुका टाळा

महसुली नोंदींवरच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणाचं निवेदन मी टेक्स्ट-टू-स्पीचवर (लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) टाकलं आणि पहिल्याच स्लाइडला आवाज उद्गारला, ‘सात भागिले बारा उतारा’. स्लाइडवरचं ‘७/१२’ बरोबरच होतं. डोळ्यांसाठी लिहिलेला मजकूर मी कानांसाठी तसाच दिला होता, ही खरी चूक.

निवेदनाची संहिता वेगळी ठेवा आणि तिच्यात बोलतो तसं लिहा: सातबारा, आठ अ, अडीच एकर. २.५ लिहिलंत तर ‘दोन पॉइंट पाच’ ऐकायची तयारी ठेवा. ‘ता.’, ‘जि.’ यांतल्या टिंबावर आवाज वाक्य संपल्यासारखा थांबतो. तालुका, जिल्हा पूर्ण लिहा.

देवनागरी वाचतो म्हणून हिंदी आवाज निवडू नका. शाळेची ‘शाला’ होते आणि ‘चमचा’तले दोन्ही च ‘चहा’तल्या चसारखे येतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर या क्लाउड सेवेत आरोही आणि मनोहर हे खास मराठी आवाज आहेत. पण मराठी आवाज घेतला तरी च, ज, झ तपासाच. ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे अक्षरांवरून कळत नाही. एसएसएमएल, म्हणजे आवाजाला सूचना देणाऱ्या खुणांची भाषा, तिच्यातल्या फोनीम (उच्चाराच्या) टॅगने उच्चार ठरवून देता येतो, मात्र प्रत्येक आवाज तो पाळतोच असं नाही. मग सरळ शब्द बदला. ‘चमचा’साठी ‘त्समत्सा’ लिहून पाहण्याचा मोह मलाही झाला होता, ऐकवेना!

‘केलं’, ‘असं’ यांचं काही आवाज ‘केलम्’, ‘असम्’ करतात. अशा वेळी ‘केले’, ‘असे’ लिहावं लागतं आणि निवेदन थोडं सरकारी वाटतं. मला ते ‘असम्’पेक्षा परवडतं.

स्लाइडवरचा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवू नका. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि निवेदन असताना तेच शब्द पडद्यावरही दिले, तर शिकणं बहुधा कमीच झालं. पडद्यावर उताऱ्याचं चित्र आणि चार शब्द पुरेत.

अख्ख्या धड्याची एकच ऑडिओ फाइल करू नका. नियम बदलला की एका ओळीसाठी सगळं पुन्हा जुळवत बसाल. स्लाइडगणिक फाइल ठेवा. आणि सबटायटल मात्र मूळ मजकुरातूनच घ्या, नाहीतर यंत्रासाठी केलेल्या खटपटी विद्यार्थ्याला पडद्यावर दिसतील.