पड रानातलं गाजर गवत फुलाआधीच काढा, नाहीतर हरभऱ्याला नांग्या (मधे रिकाम्या जागा) पडतील

रब्बीसाठी राखलेली पड रानं सध्या बघवत नाहीत. ज्वारी-हरभऱ्यासाठी जी जमीन खरिपात मोकळी ठेवली, तिथे गुडघाभर गाजर गवत माजलंय. काही बांधांवर पांढरी फुलंही दिसू लागलीत. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की बाकीची कामं थांबवा आणि आधी हे उपटा. ओल आहे तोवर सोटमूळ अख्खं निघतं. रान आवळलं की वरचं तुटून हातात येतं आणि बुडातून पुन्हा फुटवा होतो.

दरसाल नुकसान होतं ते एकाच चुकीने. पेरणी आठ दिवसांवर येईपर्यंत गवताकडे कोणी बघत नाही. मग ट्रॅक्टर बोलावून उभं हिरवं गवत रोटाव्हेटरने मातीत घालायचं आणि लगेच पाभर धरायची. "हिरवळीचं खतच झालं की," असं म्हणतात. ताग-धैंचा गाडणं वेगळं आणि हे वेगळं. गाजर गवताच्या पानात, खोडात, फुलात, मुळात पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य असतं, सोबत फेरुलिक, कॅफिक अशी आम्लंही असतात. पाला कुजताना ती मातीत उतरतात आणि शेजारच्या कोंबाला वाढू देत नाहीत. मूळ आखडतं, उगवण मागे पडते, द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी कमी होतात. हरभऱ्याला नत्र द्यायचं काम या गाठींचंच, म्हणून त्याला फटका दोन्ही बाजूंनी.

मी एका रानात पाहिलंय. हरभऱ्यात जागोजागी गोल टकलं पडली होती. बी खोटं निघालं असं शेतकरी धरून चालला होता आणि दुकानातून त्याला मुळं वाढवायचं टॉनिक आणि ह्युमिकची बाटली गळ्यात मारली होती. त्याच पिशवीतलं बी पलीकडच्या तुकड्यात दाट उगवलं होतं. टकलं नेमकी तिथे होती, जिथे उपटलेल्या गवताचे ढीग नांगराखाली गेले होते. यावर बाटलीतलं औषध नाही, पैसे घालू नका.

शंका असेल तर फुकटात तपासा. दोन डब्यांत माती घ्या, एकात गवताच्या जागची आणि दुसऱ्यात स्वच्छ जागची. दोन्हींत हरभऱ्याचे वीस-वीस दाणे टाका, पाणी सारखं द्या. आठ-दहा दिवसांत उगवण आणि मुळांची लांबी ताडून बघा. फरक दिसला तर पेरणी पुढे ढकला. हिरवं गवत गाडलंच असेल तर निदान तीन आठवडे आणि मधे एखादा चांगला पाऊस जाऊ द्या, असा माझा अंदाज आहे. हे पुस्तकातलं नाही, रानात बघून सांगतोय.

उपटताना हातमोजे, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधा आणि तोंडाला रुमाल लावा. अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर जवळही जाऊ नये. खुरपणीला येणाऱ्या बायांना मोजे मालकानेच द्यावेत.

तणनाशकाचं म्हणाल तर पडीक जागेत मेट्रिब्युझिनचं 0.3 ते 0.5 टक्के द्रावण फुलाआधी फवारायची शिफारस आहे. टू-फोर-डी मात्र कपाशीच्या आसपास आणूच नका, नुसत्या वाऱ्याने उडालं तरी पानं वळतात. तो पंपही वेगळा ठेवा. मिठाचं पाणी रस्त्याकडेला चालेल, बांधावर नको. पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर तिथे फवारू नका. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात. 1980 च्या दशकात त्यांना त्यासाठीच देशात आणलं होतं.

वांगी, टोमॅटो, मिरची लावणाऱ्यांनी बांधाकडे जास्त लक्ष द्यावं. गाजर गवताचे परागकण फुलावर बसले तर फळधारणा घटते. फुलगळीसाठी फवारण्या घेण्याआधी बांध बघा.

पेरणीची नेहमीची कामं:
- कोरडवाहू रब्बी ज्वारी: 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, हेक्टरी 10 किलो बी, अंतर 45 बाय 15 सें.मी.
- काणीसाठी (ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होणारा रोग) 300 मेश म्हणजे बारीक भुकटीचं गंधक, बियाण्याच्या किलोला 4 ग्रॅम
- जिरायत हरभरा: 20 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर
- हरभऱ्याला आधी ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी), मग रायझोबियम (मुळांवर गाठी आणणारे जिवाणू) 250 ग्रॅम दर 10 किलो बियाण्यास
- बी सावलीत सुकवून पेरा

उपटलेलं गवत बांधावर टाकू नका. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात आणि पाण्याच्या लोटाबरोबर त्या परत रानात उतरतात. फुलं नसतील तर शेणकाल्यासोबत खड्ड्यात थर लावून पूर्ण कुजवा, कुजल्यावर कडू द्रव्य उरत नाही. फुलं धरली असतील तर खड्ड्यातही नको, वाळवून रानाबाहेर जाळा.