पाऊस उघडला की बांधावरच्या केकताडाचा कुंचला करून घ्या

परतीचा पाऊस थांबला की सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात दोन कामं एकदम अंगावर येतात. एक डाळिंबाच्या हस्त बहाराची, म्हणजे पावसाळ्याअखेर धरायच्या बहाराची छाटणी, दुसरं दिवाळीआधी घराला चुना देणं. दोन्हीला कुंचला लागतो, आणि दोन्ही वेळेला आपण बाजारातून पत्र्याच्या पट्टीचा ब्रश आणतो. भिंतीचं काम त्यानं निभतं. छाटणीनंतर खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टमध्ये, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या लेपात मात्र त्या पट्टीला गंज धरतो, खिळे सैल होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी केसांचा अख्खा गठ्ठा खोडालाच चिकटून राहतो.

ही मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची करणी आहे. बोर्डो नीट बनलं का हे बघायला आपण त्यात विळ्याचं पातं बुडवतो आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालतो. ब्रशच्या पट्टीचंही तेच होतं. चुना पुरेसा पडला असेल तर पेस्ट लोखंडाला फारशी खात नाही हे खरं, पण शेतावर घाईत कालवलेल्या प्रत्येक बादलीत चुना बरोबर पडतोच असं कोण सांगणार? म्हणून मोरचुदाच्या कामाला धातूचा कणही नसलेला, दोऱ्यानं बांधलेला कुंचला बरा. त्याचा कच्चा माल तुमच्याच बांधावर उभा आहे.

केकताड म्हणा, घायपात म्हणा, टोकाला काटा असलेल्या लांब, रसाळ पानांचं हे झाड. मूळचं हे मेक्सिकोचं. तिकडच्या युकातान भागातल्या सिसल बंदरातून त्याचा वाख, म्हणजे पानातून काढलेला धागा, जहाजांवर चढायचा, म्हणून जगभर धाग्याला ‘सिसल’ हेच नाव पडलं. त्याच्याच जातभाईचा राठ धागा ताम्पिको बंदरातून निघायचा आणि तो आजही ब्रशच्या धंद्यात ‘टॅम्पिको’ म्हणूनच विकला जातो. म्हणजे या झाडाच्या धाग्याचे ब्रश करणं हा काही आपला नवा शोध नाही. आपण मात्र बांध साफ करायच्या नावाखाली ते पेटवून देतो.

पानं कधी आणि किती काढायची

पाऊस उघडल्यापासून साधारण कार्तिक संपेपर्यंतचा काळ या कामाला सोयीचा. पानं रसानं भरलेली असतात, त्यामुळे गर धाग्यापासून सहज सुटतो, आणि वर ऑक्टोबरचं ऊन असतं, ओला वाख दोन दिवसांत वाळतो. चैत्र-वैशाखात हेच पान आकसून चिवट होतं, गर खरवडता खरवडता हात भरून येतात.

खालची, आडवी झुकलेली पानं घ्या. मधल्या सुळक्याभोवतीची उभी कोवळी पानं कापू नका, त्यांचा वाख कच्चा निघतो आणि झाडही खचतं. वर पंधरा-वीस पानं राहिलीच पाहिजेत. ज्या झाडाला मधून फुलाचा उंच दांडा आला आहे ते आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, त्याची पानं आधी काढून घ्या.

शंभर किलो ओल्या पानांतून तीन-चार किलोच सुका वाख मिळतो, बाकी सगळं पाणी आणि गर. माझ्या हिशेबानं एका बोर्डोच्या कुंचल्याला चांगली लांब चार पानं लागतात. त्यामुळे पाच-सहा कुंचल्यांसाठी दोन-तीन झाडांची खालची पानं पुरतात, अख्खा बांध बोडका करायची गरज नाही.

कापायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. केकताडाच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते अंगाला लागले की खाज सुटते आणि काहींना पुरळ येतं. हाताला आधी खोबरेल चोळलं तर त्रास कमी होतो. पान तोडल्याबरोबर टोकाचा काटा छाटून टाका. डोळ्याला जायला तो एकच पुरेसा असतो. कडेला आकडे असतील तर त्या कडाही तासून घ्या.

वाख काढणं

कापलेली पानं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सोला. उशीर केला तर रस आत सुकतो आणि गर धाग्याला डिंकासारखा धरून बसतो.

पुष्कळ ठिकाणी पानं आठ-पंधरा दिवस पाण्यात कुजवून वाख काढतात. दोरखंडाला ते चालून जातं, कुंचल्यासाठी मी ते सांगणार नाही. दिवस थोडे जास्त झाले की धागा काळपट होतो, त्याची ताकद जाते आणि कुंचल्याची टोकं तुटून भिंतीवर राहतात. शिवाय दुर्गंधी. त्यातूनही कुजवायचंच असेल तर शेततळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीत अजिबात नको. या रसात साबणासारखा फेस आणणारं द्रव्य असतं, त्यानं मासे मरतात आणि पाणी जनावरांच्या तोंडी लागायच्या लायकीचं राहत नाही.

त्यापेक्षा खरवडून काढा. पान उभं दोन-तीन पट्ट्यांत चिरा, दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं धोपटा, मग तिरक्या फळीवर धरून बोथट पट्टीनं गर ओढून काढा. धारदार विळा इथे घेऊ नका, धागे कापले जातात. निम्मं पान साफ झालं की उलटं धरून दुसरी बाजू. पहिल्या दिवशी एका पानाला अर्धा तास जाईल, तिसऱ्या दिवशी हात बसेल. गावात मातंग वस्तीवर वाख काढणारा, चऱ्हाटं-दावी वळणारा कोणी जाणता माणूस अजून असेल तर त्याच्याकडे बसून एकदा बघा. लिहून समजत नाही ते मनगट पाहिल्यावर समजतं. आणि त्याला त्या दिवसाची रोख मजुरी द्या. सुगीला पायलीभर धान्य देऊन वर्षभराची दोरी घ्यायचे दिवस गेले, ते गेलेलेच बरे.

वाख बादलीत तीन पाण्यांनी धुवा. धुण्याचं पाणी आणि गर कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, शेळ्यांपुढे नको. मग दोरीवर पातळ पसरून वाळवा. संध्याकाळी न चुकता आत घ्या, या दिवसांत दव पडतं आणि दिवसभराची मेहनत पहाटे वाया जाते.

वाळला की फळीला खिळे ठोकून केलेल्या फणीतून विंचरा. तुटके, आखूड धागे वेगळे काढा, भांडी घासायच्या चोथ्याला ते उत्तम. उरलेला वाख बुडखा आणि शेंडा असा दोन भागांत तोडून ठेवा. पानाच्या बुडख्याकडे धागा जाड आणि ताठ असतो, शेंड्याकडे बारीक आणि मऊ होत जातो. बुडख्याचा वाख चुन्याच्या कुंचल्याला, गोठा घासायला, जनावरं खरारायला. शेंड्याचा बोर्डो पेस्टला, कारण खोडाच्या भेगांत आणि छाटलेल्या टोकाच्या खळगीत तोच शिरतो.

सगळं काही बांधणीत

पाच वर्षांपूर्वी मी दसऱ्याच्या गडबडीत वाख पुरता वाळू न देताच सहा कुंचले बांधले. हाताला एकदम घट्ट लागत होते. आठ दिवसांनी चुना द्यायला घेतले तर भिंतीवर चुना कमी आणि केसच जास्त. घरातल्यांनी ती भिंत दिवाळीभर पाहुण्यांना दाखवली.

चूक साधी होती. ओला धागा फुगलेला असतो. तो फुगलेला असताना बांधला तर वाळल्यावर बारीक होतो आणि वेढ्यात मोकळा पडतो. उलट कडकडीत वाळलेला वाख कोरड्या दोऱ्यानं आवळून बांधला, तर पाण्यात गेल्यावर तो वेढ्याच्या आत फुगतो आणि आणखीच घट्ट बसतो. जुने रंगारी नवा कुंचला आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवायचे ते याचसाठी. तेव्हा बांधायच्या दिवशी वाख पुन्हा दोन तास उन्हात टाका, मुठीत चुरला की कुरकुर वाजला पाहिजे.

दांडा बाभळीचा किंवा बोरीचा, वाळलेला, अंगठ्याएवढा जाड आणि नऊ-दहा इंच लांब. बांबूही चालतो, पण पक्का, तीनेक वर्षांचा घ्या, नाहीतर त्याला भुंगा लागतो. टोकापासून एक इंचावर दांड्याला चहूबाजूंनी उथळ खाच पाडा.

वाखाचे आठ-आठ इंचांचे तुकडे करा. आता इथे सगळे चुकतात: वाख टोकाकडे लोंबता ठेवून बांधू नका. उलटा बांधा. तुकड्यांची एक इंच टोकं खाचेच्या खाली राहतील आणि बाकी सगळा वाख दांड्यावरून तुमच्या हाताकडे जाईल असा सभोवार पसरा. खाचेवर दहा-बारा वेढे घाला. दोरी हातानं ओढून पुरेशी आवळत नाही. तिचं एक टोक खुंटीला बांधा, अंगाचा भार मागे टाका आणि कुंचला फिरवत फिरवत खुंटीकडे जा. गाठ मारली की वर गेलेला सगळा वाख त्या वेढ्यांवरून खाली दुमडा, शेंगदाण्याचं पोतं उलटं करतात तसा, आणि त्यावर दुसरी बांधणी करा. प्रत्येक धागा आता पहिल्या वेढ्याला अडकून दुमडलेला आहे, ओढला तरी निसटायला वाट नाही. साधा बांधलेला कुंचला एक हंगाम जातो, उलटा बांधलेला तीन-चार.

दोरा अंबाडीचा किंवा सुती, त्याला मेण चोळलेलं. नायलॉन ताणतो आणि त्याची गाठ सरकते. बांधणीवर डांबराचा पातळ हात दिला तर पाणी आत मुरत नाही. लाख वितळवून लावायचा मोह होईल, पण चुन्याच्या क्षारात लाख मऊ पडते.

शेवटी केस साडेतीन इंचांवर सरळ कापा. त्याहून लांब ठेवले तर पेस्ट मनगटावर ओघळते. कापलेली टोकं दगडावर लाकडानं हलकी ठेचा, धाग्याच्या टोकाचे तंतू फुटून मऊ झुपका तयार होतो.

वापरताना

छाटणीनंतरच्या दहा टक्के बोर्डो पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवा आणि मग एकत्र करा. चुना गाळूनच घ्या, खडे कुंचल्याचे केस खातात. पेस्ट त्याच दिवशी संपवा. खोडाला जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत लावताना कुंचला वर-खाली नुसता ओढू नका, भेगेत टोचून फिरवा.

मोरचुदाचा कुंचला आणि भिंतीचा कुंचला एक करू नका. दांड्याला निळी चिंधी बांधून ठेवा म्हणजे घरातलं पोरही चुकणार नाही.

काम संपलं की लगेच धुवा. चुना वाळला की दगड होतो. झालाच तर रात्रभर आंबट ताकात किंवा चिंचेच्या पाण्यात बुडवा, सकाळी सुटतो. केस खाली करून सावलीत टांगा. उभा ठेवला तर पाणी बांधणीत उतरतं आणि कुंचला आतून कुजायला लागतो.

कोकणातल्या बागायतदारांना केकताड शोधायची गरज नाही. केवड्याच्या पारंबीचा वीतभर तुकडा पाण्यात भिजवून एक टोक ठेचलं की दांड्यासकट कुंचला तयार होतो, बांधणीची कटकटच नाही. नारळाचा काथ्या मात्र लावायच्या कामाला घेऊ नका. तो पाण्याला दाद देत नाही, म्हणून टाक्या, हौद, गव्हाणी घासायला फार चांगला. पण त्याच कारणानं पेस्टही धरून ठेवत नाही, सगळी खाली गळते.

झिजलेला कुंचला फेकू नका. दांडा तोच ठेवून नवा वाख बांधता येतो. आणि यंदा ज्या केकताडाला फुलाचा दांडा आला आहे त्यावर फुलं गळाल्यानंतर छोटी छोटी रोपं लटकलेली दिसतील. ती गोळा करून सावलीत वाफ्यात लावून ठेवा, उन्हाळाभर अधूनमधून पाणी द्या. पहिला पाऊस झाला की बांधाच्या रिकाम्या जागी तीन-तीन फुटांवर लावा. कापणीला यायला त्यांना तीनेक वर्षं लागतील.