पॅराशूट उघडलं नाही, अर्धवट उघडलं, दोन उघडली: एकट्यानं उडायला निघालेल्या बेळगावकरांसाठी

स्कायडायव्हिंगची टँडम उडी (इन्स्ट्रक्टरच्या अंगाला बांधून मारतात ती) मारून आलेल्या पोरांच्या डोक्यात मग किडा वळवळायला लागतोय की आता एकट्यानंच उडायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं कोण म्हैसूरला कॅम्प लागला की जातंय, कोण हरियाणात नारनौलला जातंय, आणि परत आल्यावर प्रश्न ठरलेला, पॅराशूट उघडलंच नाही तर? बरं पॅराशूट आमच्या गावाला नवीन नाही ओ, मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन १९५२ ला पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली आणि ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला विमानातनं उतरली ती हीच, त्यामुळं कुणाच्या तरी घरात एखादा आजोबा पॅरावाला निघतोयच आणि तो सांगतोय "आम्ही तर असंच उडी मारायचो". आजोबांचं ऐका, पण ते गोल पॅराशूट, दोरी विमानाला अडकवलेली. इथलं चौकोनी रॅम-एअर (पुढनं हवा शिरून फुगणारं), हातानं उघडायचं, तेव्हा यातला बिघाड वेगळा आणि त्यावरचा उपायही वेगळा.

पहिलीच गोष्ट. हे वाचून कोर्स होत नाही. हार्नेसमध्ये टांगून इन्स्ट्रक्टर पन्नास वेळा ओरडून घेतो ते खरं शिक्षण. हे फक्त त्याच्या आधी डोक्यात चित्र बसावं म्हणून.

उंची म्हणजे वेळ. पोटावर पडत असताना माणसाचा वेग साधारण १९० ते २०० किलोमीटर होतो. पहिल्या हजार फुटांना दहा एक सेकंद लागतात, नंतर मात्र दर हजार फुटाला पाच-साडेपाच सेकंद. म्हणजे ३,००० फुटांवर काहीच उघडलेलं नसेल तर जमीन सतरा-एक सेकंदावर आहे, तेवढ्या वेळात माणूस फोनचं लॉक उघडून व्हॉट्सअप बघतो आणि बंद करतो. म्हणून अमेरिकेतल्या यूएसपीए या पॅराशूट संघटनेच्या नियमात, जे आपल्याकडेही बरेच इन्स्ट्रक्टर शिकवतात, शिकाऊ माणसानं ३,००० फुटांच्या वरच पॅराशूट काढायला सुरू करायचं आणि २,५०० ला निर्णय घेऊन मोकळं व्हायचं. २,५०० ला वर बघितलं आणि चालवता येण्यासारखं पॅराशूट डोक्यावर नाही, की दुरुस्ती संपली. मग कापायचं, म्हणजे हँडल ओढून ते मेन पॅराशूट सोडून द्यायचं, आणि रिझर्व्ह, म्हणजे दुसरं राखीव पॅराशूट, काढायचं. "अजून एक झटका देऊन बघतो" इथंच लोक मरतात, पॅराशूट खराब झालं म्हणून नाही, त्याच्याशी खेळत बसले म्हणून.

आता बेळगावच्या माणसानं ध्यानात ठेवायची गोष्ट. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास २,५०० फुटांवर आहे, म्हैसूरही साधारण तेवढंच, नारनौल त्याच्या निम्म्याहून खाली. पायलटचं मीटर बहुतेक वेळा समुद्रापासून मोजतंय, तुमच्या मनगटावरचं अल्टिमीटर जिथं शून्य केलं तिथनं मोजतंय. पायलट पाच हजार म्हणाला आणि खालचं मैदान अडीच हजारावर असेल तर तुमच्याकडं अडीचच राहिले की. म्हणून पायलट काय म्हणाला ते सोडा, चढायच्या आधी मैदानावर उभं राहून आपलं अल्टिमीटर शून्यावर आहे का ते बघा. एएडीचं पण तसंच, म्हणजे ते आपोआप रिझर्व्ह उघडणारं छोटं मशीन, सायप्रेस, व्हिजिल वगैरे. ते जिथनं उडणार तिथं पोचल्यावरच ऑन करायचं. गोव्यात रूमवर ऑन करून चोर्ला घाट चढून आलात तर बंद करून परत चालू करा, त्याला जमीन कुठं आहे ते नव्यानं कळू दे. आणि उंच मैदानावर हवा पातळ असते म्हणून पॅराशूट उतरताना थोडं जास्त पळतंय, समुद्राकाठी शिकलेल्यांना ते पहिल्यांदा जाणवतंयच.

एएडीच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. नेहमीचं एक्स्पर्ट सायप्रेस साधारण ७५० फुटांवर रिझर्व्ह उघडतं, ते पण तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जोरात पडत असाल तरच. अर्धवट उघडलेल्या पॅराशूटखाली वेग त्यापेक्षा कमी असू शकतो, पाय मोडायला पुरेसा पण मशीनला जागं करायला अपुरा. मग ते गप्प बसतंय.

सामानाचं थोडक्यात. पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट, खाली मेन आणि वर रिझर्व्ह, पट्ट्यांसकट या सगळ्याला रिग म्हणतात. मेन कोणीही शिकलेला पॅकर घडी घालतो, रिझर्व्ह फक्त लायसन्सवाला रिगर, अमेरिकेत दर १८० दिवसांनी परत पॅक करावंच लागतं, त्याचं कार्ड रिगमध्येच असतं, मागून बघायला लाजू नका. कमरेच्या मागं पायलट च्यूट (मेनला बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट), उजव्या छातीवर कटअवे हँडल (बहुतेक लाल किंवा केशरी मऊ उशी), डाव्या छातीवर रिझर्व्ह हँडल, बऱ्याचदा धातूचं. काही शिकाऊ रिगवर एकाच हँडलमध्ये दोन्ही कामं असतात, तेव्हा भाड्याचा रिग अंगावर चढवायच्या आधी हे विचारायचंच.

आणि थ्री-रिंग. हे एकदा बोटानं तपासून बघा म्हणजे कळेल. बिल बूथनं १९७० च्या दशकात काढलेली आयडिया, अजून तीच चालते. खांद्यावर हार्नेसला मोठी रिंग, तिच्यातनं रायझरवरची (खांद्यापासनं पॅराशूटच्या दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यावरची) मधली रिंग गेलेली आणि वर दुमडलेली, मधलीतनं छोटी रिंग गेलेली, छोटीवर पांढऱ्या दोरीचा लूप, तो लूप रायझरच्या भोकातनं मागं, आणि मागं त्या लूपमधनं कटअवे हँडलची पिवळी केबल. केबल ओढली की लूप सुटतो, लूप सुटला की तिन्ही रिंगा एकामागनं एक उलगडतात आणि मेन निघून जातं. प्रत्येक रिंग जोर कमी करत आणते म्हणून एवढं वजन माणूस हातानं सोडू शकतो. बघायचं काय, तर प्रत्येक रिंग फक्त पुढच्या एकाच रिंगमधनं गेली पाहिजे, लूप एकाच रिंगवर पाहिजे, आणि केबल सरळ. लूप चुकून दोन रिंगांवरनं घातलेला असेल तर ते नंतर सुटायचं नाही.

चेकिंग तीनदा करायचं, अंगात घालायच्या आधी, विमानात बसायच्या आधी, दारात जायच्या आधी. मांडीचे दोन पट्टे आणि छातीचा एक. छातीचा पट्टा बकलमधनं परत फिरवून घातला नसेल तर हाताला घट्ट लागतो आणि पॅराशूट उघडण्याच्या झटक्याला सरकून सुटतो, म्हणून दुसऱ्याकडनं बघून घ्या. पाठीवरच्या पिना तर स्वतःला दिसतच नाहीत. या बाबतीत "मी केलंय की रे" म्हणणाऱ्या सीनियरला पण सोडू नका.

आता बिघाड. उघडल्यावर वर बघून तीन गोष्टी, पूर्ण चौकोनी आहे का, सरळ उडतंय का, ब्रेक (वळवायच्या दोन दोऱ्या, एकेका हातात एक) ओढल्यावर वळतंय आणि थांबतंय का. तिन्हीला होय असेल तर छान. कडेचे एक-दोन सेल (हवा भरणारे कप्पे) मिटलेले असतील किंवा स्लायडर (दोऱ्यांवरनं खाली सरकणारं ते चौकोनी कापड) वरच अडकला असेल तर दोन्ही ब्रेक ओढून धरायचे, सोडायचे, परत ओढायचे, बहुतेक वेळा सुटतंय. लाइन ट्विस्ट म्हणजे दोऱ्यांना पीळ, त्यात रायझर दोन्ही हातांनी बाहेर फाकवायचे आणि सायकल मारल्यासारखे पाय हलवायचे, पीळ सुटेपर्यंत ब्रेकला हात लावायचा नाही. हे सगळं करताना डोळा उंचीवर. पीळ नुसता असेल आणि पॅराशूट सरळ असेल तर वेळ असतोय, पण पिळासकट गरगरायला लागलं तर अजिबात नसतोय, कारण प्रत्येक फेरीला उंची जाते आणि डोकं भिरभिरतं.

दोरी पॅराशूटच्या वरनं गेली (लाइन ओव्हर), मोठं फाटलं, दोऱ्या तुटल्या, किंवा बाहेर येऊन पण फुगलं नाही, नुसतं ओल्या धोतरासारखं डोक्यावर फडफडतंय, तर दुरुस्ती नाही. कापा. पाठीवरची पिशवी उघडली पण मेन आतल्या छोट्या पिशवीतच अडकलं, म्हणजे बॅग लॉक, ते पण कापा. घोड्याच्या नालासारखं अंगाला कुठंतरी अडकलेलं असेल तर ते इन्स्ट्रक्टरकडनं नीट समजून घ्या, ते लिहून समजत नाही.

कापायचं कसं. पोट पुढं काढून कमान करा. कटअवे हँडलकडं बघा, मान खाली घालून खरंच बघा, मग धरा. मग रिझर्व्ह हँडलकडं बघा. एक हात एका हँडलला का दोन्ही हात एकेका हँडलला, हे तुमच्या शाळेनं जे शिकवलंय तेच, दोन पद्धतींची खिचडी करू नका. पहिलं हँडल वेल्क्रोतनं सोलून हात पूर्ण लांब होईपर्यंत खाली ओढायचं, मग लगेच दुसरं. क्रम कधीही उलटा नाही, नाहीतर रिझर्व्ह खराब मेनमध्येच जाऊन गुंततंय. आरएसएल म्हणून एक पट्टी असते, मेन सुटताना तीच रिझर्व्हची पिन ओढते, पण असली तरी आपलं हँडल आपण ओढायचंच. आणि कापल्यावर शरीर स्थिर व्हायची वाट बघत बसायचं नाही, उलटं पडत असलात तरी ओढा.

काहीच बाहेर आलं नाही तर, म्हणजे पायलट च्यूटचं हँडल सापडेना. दोन प्रयत्न, तेवढेच, आणि मग रिझर्व्ह. पायलट च्यूट बाहेर आहे पण पाठीवरची पिशवीच उघडत नाही, यात आधी कापायचं का थेट रिझर्व्ह यावर शाळांमध्ये दोन मतं आहेत, दोन्हीला कारणं आहेत, तुमचं काय ते जमिनीवरच ठरवून या. १,००० फुटांच्या खाली आलात तर शिकाऊंना सांगतात की आता कापू नका, रिझर्व्ह तेवढं काढा, डोक्यावर जितकं कापड येईल तितकं बरं.

दोन्ही उघडली तर घाबरून लगेच कापू नका. एकामागं एक शांत उडत असतील तर तसंच राहा, पुढच्याला हलक्या हातानं वळवा, उतरताना फ्लेअर (शेवटी दोन्ही ब्रेक एकदम ओढून वेग मारणं) करू नका, पाय जोडून लोळा. शेजारी शेजारी असतील आणि गुंतलेली नसतील तर कापता येतं, नाहीतर जे मोठं आहे ते हळू चालवत आणायचं. दोन्ही एकमेकांपासून फाकून जमिनीकडं तोंड करून ओढायला लागली तर मात्र मेन ताबडतोब कापायचं.

उतरण्यातच जास्त हाडं मोडतात, आणि बहुतेक वेळा चांगल्या पॅराशूटखाली. यूएसपीएचे नियम शिकाऊंना वारा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या वर असेल तर उडू देत नाहीत. आमच्याकडं जून ते सप्टेंबर तर विचारच नको. वाऱ्याकडं तोंड, दहा-बारा फुटांवर फ्लेअर, शंका असली की पाय आणि गुडघे जोडून लोळायचं, उभं राहायची हौस नको.

मैदान चुकलं तर काय येतंय खाली, त्यावर. अथणी, रायबाग, चिकोडीकडं असाल तर ऊस. वरनं हिरवी गादी वाटतोय, पण डोक्याहून उंच असतोय आणि आत विहीर आहे का बोअरचा पाइप आहे ते कळत नाही, झाडात उतरल्यासारखंच समजा, पाय जोडलेले, चेहरा झाकलेला. कापलेला ऊस त्याहून वाईट, खोडक्या टोकदार असतात. तारा वरनं दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून लांबनं वळा. अडकलातच तर हेस्कॉमनं (वीज कंपनीनं) लाइन बंद केल्याचं पक्कं कळेपर्यंत हलायचं नाही, आणि खाली मदतीला धावत येणाऱ्यांना ओरडून सांगा, "हात लावू नका, मुट्टब्याड्री", दोन्ही भाषेत सांगितलेलं बरं. राकसकोप किंवा हिडकलसारख्या पाण्यावर जायची वेळ आली तर वरच छातीचा पट्टा सैल करा, आरएसएल सोडा, पण पाण्याच्या वर असताना कापू नका, पाण्यावर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. पाण्यात शिरल्यावर मग बाहेर निघा.

एक बारीक गोष्ट जी आमच्या भागातल्यांना लागू आहे. मालवणला नाहीतर मुरुडेश्वरला स्कूबा करून दुसऱ्या दिवशी सकाळी उडीला जायचा प्लॅन करतात लोक. २४ तास मधे जाऊ द्या, पाण्याखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे करतो.

कापलेलं मेन कुठं पडतंय ते जमलं तर वरनं बघून ठेवा, रिझर्व्हची फ्रीबॅग (रिझर्व्ह ज्यातनं बाहेर येतं ती सुटी पिशवी) पण तिथंच आसपास असते आणि ती भरपूर महाग असते. कुणाच्या उसात पडली असेल तर विचारून आत जा, पीक तुडवू नका, पुढच्या वेळी पण त्याच शेतावरनं उडायचंय. रिगरकडनं रिझर्व्ह परत पॅक होऊन कार्डावर सही येईपर्यंत तो रिग कुणालाही द्यायचा नाही. ज्यानं रिझर्व्ह पॅक केलेलं असतंय त्याला बाटली द्यायची पद्धत आहे या खेळात, तो पीत नसला तर कुंद्याचा डबा न्या.