शाळेतला गुणी खेळाडू: ओळखायचा कसा, जपायचा कसा

सातवीच्या कबड्डीत जो पोरगा एका चढाईत तिघांना घेऊन परत येतो, त्याचं नाव संघाच्या यादीत घालण्याआधी शाळेचं जनरल रजिस्टर उघडा आणि जन्मतारीख पाहा. शालेय स्पर्धांत वयोगट 1 जानेवारी ही तारीख धरून ठरतो. म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा एकाच गटात, पण अंतर जवळजवळ वर्षभराचं. त्यात कोणी लवकर वयात येतं, कोणी उशिरा. मुलींची उंची साधारण 11-12 व्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची 13-14 व्या. सातवीतला थोराड पोरगा दहावीत चारचौघांसारखा दिसायला लागतो आणि डिसेंबरातल्या ज्या काटकुळ्या पोराला आपण बाकावर बसवलं, त्याने तोवर खेळ सोडलेला असतो.

म्हणून एका सामन्यावर जाऊ नका. वर्षातून तीनदा, जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत, मोजमापं घ्या. क्रीडा प्रबोधिनीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राच्या, निवडीतल्याच चाचण्या घेतल्या की पुढे निवडीला जाणाऱ्या मुलांचा सरावही होतो: उंची, वजन, 30 मीटर फ्लाइंग स्टार्ट (आधीच वेग घेऊन धावणे), 6 गुणिले 10 मीटर शटल रन (दोन रेषांमध्ये ये-जा), जागेवरून लांब उडी, उभी उडी, 1 किलोचा मेडिसिन बॉल फेकणे, पुढे वाकणे आणि 800 मीटर. साठ मुलांचा वर्ग असेल तर दहा-दहाचे गट पाडा आणि पीटीच्या दोन तासांत विभागा. 800 मीटर मात्र वेगळ्या दिवशी, सकाळीच.

चुका ठरलेल्या असतात. लांब उडीत सुरुवातीच्या रेषेपासून सर्वांत मागच्या टाचेपर्यंत मोजायचं. पोरगं मागे टेकलं तर हातापर्यंत. टेप सैल असला की पाच सेंटिमीटर सहज फुकट मिळतात. उभ्या उडीला बोटांना खडू लावा आणि आधी उभ्यानेच पोच मोजून घ्या, नाहीतर उंच मुलगाच जिंकणार. एकदा अनवाणी आणि पुढच्या वेळी बुटात धावलेल्या वेळा एकमेकींशी ताडून पाहू नका. घड्याळ तिन्ही वेळा एकाच माणसाच्या हातात असू द्या.

वहीत क्रमांकापेक्षा फरक पाहा. जुलै ते फेब्रुवारी कोण किती सुधारलं? गुणी मूल बहुतेकदा तिथे सापडतं.

जे टेपने मोजता येत नाही, ते खो-खोच्या मैदानाकडेला उभं राहून पाहा. कसलेला धावपटू पाठलाग करणाऱ्याच्या खांद्याकडे बघतो, कारण एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही. कच्चा धावपटू वेगवान असूनही उशिरा मान वळवतो आणि बाद होतो. पहिला मुलगा शटल रनमध्ये मागे असला तरी त्याला वगळू नका.

पीटीच्या तासाला गुणी मुलाला वेगळं काढून एकट्याने फेऱ्या मारायला लावणं ही शिक्षाच. खेळ तोच ठेवा, अट बदला. कबड्डीत त्याचा गुण फक्त पायाने स्पर्श केला तरच धरायचा. खो-खोत त्याने साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी पळणं) न खेळता रिंगच (गोल फिरत पळणं) खेळायची. अट फार सोपी झाली तर पंधरा मिनिटांत तो कंटाळतो, फार अवघड झाली तर बाकीचे त्याच्यावर हसतात. पीटीच्या दर दोन तासांनी अट बदलत राहा.

इजा होते ती बहुधा उंची वाढायच्या काळात. दर तीन महिन्यांनी सकाळी, भिंतीला टेकवून, बूट काढून उंची दोनदा मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढली की उड्या आणि वेगाच्या फेऱ्या कमी करा. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतं असं मूल सांगेल. ते आळशीपणा म्हणून उडवू नका. काही आठवडे ते अडखळत धावेल, वेळही घसरेल. नेमकं तेव्हाच संघातून काढलं जातं, ही खरी हानी. शाळा, क्लब, क्रिकेट अकादमी मिळून आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. हा हिशेब कोणीच ठेवत नाही, कारण प्रत्येक प्रशिक्षकाला आपलेच तास दिसतात. तुम्हीच विचारा.

कबड्डी-कुस्तीत वजनात बसवायला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं हे प्रकार चालतात. ते साफ बंद. वजन बसत नसेल तर मूल त्या गटाचं नाही, विषय संपला.

पालकांना पहिल्या भेटीतच बूट, प्रवास आणि परीक्षांच्या तारखा यांचा स्पष्ट हिशेब द्या. मुलींच्या बाबतीत सराव किती वाजता संपतो आणि घरी कोण सोडतं, हे आधी ठरवा. पुष्कळ चांगल्या खेळाडू नेमक्या याच कारणाने आठवीत सुटतात.

आणि मूल शाळा सोडून जाताना दाखल्याबरोबर मोजमापांच्या वहीची झेरॉक्स द्या. नाहीतर नव्या शाळेतले सर पुन्हा सर्वांत उंच पोरापासूनच सुरुवात करतात.