औषधाने लिव्हर निकामी झालं आणि ‘कूलिंग’चा विषय निघाला, तर या चुका टाळा

पॅरासिटामॉल जास्त झालं किंवा टीबीच्या गोळ्या बाधल्या आणि लिव्हर बसलं, की कुणीतरी सांगतं, ‘पेशंटला थंड ठेवलं तर वाचतो.’ मग घरी बर्फाच्या पट्ट्या सुरू होतात. कृपा करून यात वेळ घालवू नका.

थंडाव्याने लिव्हर बरं होतं, हाच मुळात गैरसमज आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत फायदा दिसला, पण माणसांत कूलिंग वापरलं गेलं ते मेंदूसाठी. लिव्हर बंद पडलं की रक्तात अमोनिया साठतो, मेंदू सुजतो, कवटीतला दाब वाढतो. १९९९मध्ये एडिनबराच्या डॉक्टरांनी, काही केल्या दाब उतरत नव्हता अशा सात पेशंटचं तापमान ३२-३३ अंश सेल्सियसवर आणलं आणि दाब उतरला. पुढे ४६ पेशंटची चाचणी झाली, काही ३४ अंशांवर आणि काही ३६वर. २०१६मध्ये निकाल आला: आधीपासून थंड ठेवल्याने दाब वाढणं टळलं नाही, जीव वाचण्याचं प्रमाणही वाढलं नाही. म्हणून डॉक्टर कूलिंग करत नसतील, तर ते हलगर्जीपणा करताहेत असं समजू नका. केलंच तर ते आयसीयूत, भूल देऊन, व्हेंटिलेटरवर. घरी फक्त कापरं भरेल आणि शरीराची ऑक्सिजनची गरज वाढेल.

ताप उतरवायला पुन्हा पॅरासिटामॉल देणं ही तर घातक चूक. हिशेब करा: ६५०ची गोळी दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला ३९०० मिलिग्रॅम. त्यात सर्दीच्या तीन गोळ्या, प्रत्येकीत पॅरासिटामॉल ५००. झाले ५४००. मोठ्या निरोगी माणसाची मर्यादा आहे ४०००.

पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर सगळ्यात फसवा असतो पहिला दिवस. थोडी मळमळ, नाहीतर तेही नाही. कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते. पॅरासिटामॉलचं विषारी रूप मारणारा लिव्हरमधला ग्लुटाथायोन तोवर संपलेला असतो. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध तो साठा भरून काढतं. ते गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत मिळालं तर उत्तम, पण उशीर झाला म्हणून टाळू नका.

टीबीच्या गोळ्या चालू असताना भूक मेली, उलट्या होऊ लागल्या, लघवी चहासारखी गडद झाली, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना गाठा. स्वतःच्या मनाने गोळ्या कमी-जास्त करू नका.

पेशंट अवेळी झोपतोय, बोलण्यात गोंधळ होतोय? दोन्ही हात पुढे धरून पंजे वर करायला सांगा. पंजे फडफडले तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका, आणि फडफडले नाहीत तरी गोंधळ हेच पुरेसं कारण आहे. प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात बेशुद्ध होण्याआधीच हलवा. सोबत गोळ्यांची सगळी पाकिटं न्या आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते कागदावर लिहून द्या.