तारीख ठरली, आता निकोटीनचा हिशेब

सिगारेट सोडायची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली असेल, तर तिच्या आधीचा आठवडा वाया घालवू नका. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. पोत्यापोत्याचं वजन मांडणारा माणूस, पण स्वतः दिवसाला किती ओढतो ते मला धड सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं की ‘दहा-बारा’ म्हणायचो. शेवटी शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवली, सात दिवस प्रत्येक सिगारेटला एक रेघ मारली, आणि सरासरी निघाली १९. तर पहिलं काम हेच, चिठ्ठी आणि पेन्सिल. रेघेशेजारी वेळ लिहा. सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांनी पेटली हे तर विसरूच नका, पुढे ते लागणार आहे.

आठवडा झाला की जमाखर्च मांडा. एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटीन असतं. त्यातलं बरंचसं जळतं, धुरात उडतं, थोटकात राहतं. रक्तात उतरतं ते १ ते दीड मिलिग्रॅम, तेही ओढणाऱ्याच्या झुरक्यावर. ‘लाइट’ सिगारेटवर जाऊ नका. तिच्या फिल्टरला बारीक भोकं असतात, ती बोटाखाली-ओठाखाली झाकली जातात आणि माणूस नकळत जोर लावून ओढतो. ‘विसाच्या दहा केल्या’ याचंही मला म्हणूनच फार कौतुक नाही. त्या दहांतल्या प्रत्येकीतून तो आधीपेक्षा जास्त काढून घेतो. विडीवाल्यांनी विडी लहान म्हणून अर्धी धरू नये. तेंदूचं पान हवा खेळू देत नाही, विडी विझू नये म्हणून सारखे आणि खोल झुरके घ्यावे लागतात.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या खेपेला मी सिगारेटची तलफ भागवायला चघळायचे, निकोटीनचे २ मिलिग्रॅमचे गम आणले आणि दिवसाला चार खाल्ले. गम नीट चघळला तरी त्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. म्हणजे चार गमचे जेमतेम ४ मिलिग्रॅम, आणि शरीराला सवय किमान १९ ची! तिसऱ्या दिवशी वजनकाट्यापाशी हमालाशी भांडलो, बाहेर गेलो आणि एक पेटवली. वर वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो की गमचा काही उपयोग नाही. असा ताळेबंद मालकाला दाखवला असता तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

म्हणून डोस आधी ठरवून, डॉक्टरांशी बोलून, सामान तारखेच्या आधी घरात आणून ठेवा. गमसारखीच निकोटीनची पट्टीही मिळते, ती अंगाला चिकटवायची, कातडीतून निकोटीन आत जातं. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करायची, १० किंवा कमी असतील तर १४ च्या, असा सर्वसाधारण नियम आहे. २१ ची सहा आठवडे, मग १४ ची दोन, ७ ची दोन. सवय १९ ची आणि पट्टी २१ ची, असे आकडे जुळले म्हणून माझ्यासारखं खूश होऊ नका. पाकीटभर ओढणाऱ्याच्या रक्तात निकोटीनची जी पातळी असते, तिच्या निम्म्याच्या आसपासच ही पट्टी भरून काढते. आणि धुरातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, पट्टीतलं तासन्‌तास झिरपत राहतं. ही तूट गमने भरायची. पट्टी आणि गम दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त लागू पडतात. पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर गम ४ चा, नाहीतर २ चा. २ चा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ च्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. नुसत्या गमवरच राहणार असाल तर सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक खावा लागतो. माझ्या चार गमांना गणतीच नव्हती.

गम खायची रीत आधी शिकून घ्या. तो चुइंगमसारखा चावत सुटलात की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून फारसं कामी येत नाही, उचक्या आणि मळमळ मात्र होते. हळू चावायचं, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, झिणझिण्या ओसरल्या की परत. दाढेशी धरलेला तंबाखू गालातून शोषला जातो हे मिसरी लावणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको. आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही.

चहा तसाही कमी करायचाय. धुरामुळे यकृत कॅफीन भराभर निकाली काढत असतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाचं कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं, मग धडधड, झोप उडते, आणि आपण म्हणतो सिगारेट सोडल्याने होतंय. माझे आठ कप होते, चारवर आणले. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं, त्याचाही डोस बदलावा लागू शकतो. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी पट्टी-गम मनाने सुरू करूच नये.

पट्टी रोज सकाळी, दंडावर किंवा खांद्यावर, केस नसलेल्या कोरड्या जागी, दररोज जागा बदलून. रात्री भलती स्वप्नं पडली तर झोपताना काढा. काढलेल्या पट्टीतही निकोटीन उरतं, चिकट बाजू आत दुमडून पोरांच्या हाती लागणार नाही अशी टाका. फोनमध्ये १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा मोफत नंबर घालून ठेवा. एका हाताला चाळा म्हणून मी भडंगाची पुडी ठेवली होती, पण गम तोंडात असताना तीही नाही.

आदल्या संध्याकाळी लायटर, अ‍ॅश ट्रे, स्कूटरच्या डिकीतलं अडीअडचणीचं पाकीट, सगळं घराबाहेर काढा. आणि टपरीवरची उधारी मिटवा. मी वही मागवली, पैसे मोजून दिले, पान फाडायला लावलं. टपरीवाला बघतच राहिला. म्हणाला, “काय ओ, गाव सोडून चाललाय काय?”