पिस्कॅटवेत राहायला आलात? आपला बंब कुठून येतो ते आधी समजून घ्या

न्यू जर्सीत पिस्कॅटवे-एडिसनला नव्यानं आलेली मंडळी पहिल्या महिन्यात काय विचारतात, ते ठरलेलं असतं. किराणा कुठं, शाळा कशी, मेट्रोपार्कहून न्यू यॉर्कच्या गाडीचा मासिक पास केवढ्याला. आग लागली तर बंब कुठून येतो, हे सहसा कुणी विचारत नाही. मी मात्र भेटेल त्याला हे आवर्जून सांगते.

आपल्या डोक्यात बंब म्हणजे भायखळ्याचं मुख्यालय, महापालिकेचे पगारी जवान, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोटाला सामोरी गेलेली ती शूर माणसं. अमेरिकेत मात्र आग विझवणाऱ्यांपैकी साधारण ६५ टक्के लोक स्वयंसेवक आहेत. पिस्कॅटवेची भिस्तही मुख्यतः त्यांच्यावरच आहे. म्हणजे रात्री दोन वाजता तुमच्या दारात हेल्मेट घालून उभा राहणारा माणूस सकाळी आठला आपल्या नोकरीवर जाणार असतो.

असं का, हे कळायला इथला इतिहास थोडा माहीत हवा. पिस्कॅटवे १६६६ सालचं, न्यू जर्सीतल्या सर्वांत जुन्या टाउनशिपांपैकी (स्वतःचा कारभार पाहणाऱ्या टापूंपैकी) एक. तेव्हाचा पसारा फार मोठा होता. पुढे त्यातून एकेक तुकडा वेगळा होत गेला. १८७० मध्ये पिस्कॅटवे आणि वुडब्रिजचा काही भाग काढून रॅरिटन टाउनशिप झाली. मेन्लो पार्कची थॉमस एडिसनची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती, म्हणून १९५४ साली तिचं नाव एडिसन ठेवलं. डनेलन १८८७ मध्ये गेलं, साउथ प्लेनफील्ड १९२६ मध्ये. उरलेली टाउनशिपसुद्धा एक गाव नव्हतीच, शेतांमधून विखुरलेल्या वाड्या होत्या: न्यू मार्केट, स्टेल्टन, नदीकाठची वस्ती. लांबून मदत येईपर्यंत कोठार जळून जायचं, म्हणून जिथल्या तिथं लोकांनी वर्गणी काढून आपापली फायर कंपनी, म्हणजे आग विझवणारं स्वयंसेवकांचं पथक, उभी केली. आज पिस्कॅटवेत चार फायर डिस्ट्रिक्ट (आग विझवण्याच्या सोयीसाठी पाडलेले विभाग) आहेत आणि फायरहाउसांवर अजून न्यू मार्केट, नॉर्थ स्टेल्टन, रिव्हर रोड अशी नावं दिसतात, ती त्यामुळे. एडिसनमध्ये पगारी दल आहे, पण तिथल्याही जुन्या रॅरिटन इंजिन कंपन्या स्वयंसेवकांनीच उभ्या केलेल्या.

घर घेतलंत की मालमत्ता कराच्या बिलात फायर डिस्ट्रिक्टची वेगळी ओळ दिसेल. तो पैसा कसा खर्च करायचा हे निवडून आलेले कमिशनर ठरवतात. पुष्कळ डिस्ट्रिक्टांत ही निवडणूक फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी होते आणि मोजकी माणसं मत देऊन जातात. नागरिक झालात की तेवढा शनिवार चुकवू नका.

आता रस्त्यावरचं. मागून एखादी साधी गाडी निळा दिवा लुकलुकवत आली तर ती पोलिसांची समजू नका. न्यू जर्सीत फायर कंपनीच्या स्वयंसेवकांना स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावायची परवानगी मिळते. आमच्या समोरच्या घरात इलेक्ट्रिशियनचं काम करणारे एक गृहस्थ आहेत. एकदा अंगणात मुलीच्या वाढदिवसाचा केक कापायच्या बेतात असताना त्यांच्या कमरेचा पेजर वाजला. सुरी टेबलावर ठेवून ते गाडीत बसले, दिवा लागला, गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मुलीनं आईकडे पाहिलं आणि केक पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला. असा दिवा दिसला की वाट द्या. लाल दिव्याचा बंब असेल तर उजवीकडे घेऊन थांबणं कायद्यानंच बंधनकारक आहे. हायड्रंटपासून, म्हणजे बंबाला पाणी देणाऱ्या रस्त्याकडेच्या नळापासून, दहा फुटांच्या आत गाडी लावायची नाही, आणि बर्फ पडलं की आपल्या दारासमोरचा हायड्रंट फावड्यानं मोकळा करायचा. हे काम कुणी सांगायची वाट पाहू नका.

२३ मार्च १९९४ ची रात्र इथले जुने लोक विसरलेले नाहीत. मध्यरात्रीच्या जरा आधी एडिसनमध्ये ड्यूरॅम वुड्स अपार्टमेंटजवळ ३६ इंची गॅसवाहिनी फुटली. गॅसचा आवाज आणि छपरावर आदळणारे दगड ऐकून माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. शंभर यार्डांहून लांबची छपरं नुसत्या धगीनं पेटली आणि आठ इमारती भस्मसात झाल्या. आजूबाजूच्या गावांतून बंब धावून आले. कधीतरी खोदकाम करताना वाहिनीला लागलेला ओरखडा या सगळ्याच्या मुळाशी होता. म्हणून मागच्या अंगणात कुंपणाचा खांब जरी रोवायचा असला तरी किमान तीन कामाचे दिवस आधी ८११ या खोदकामापूर्वी कळवायच्या नंबरवर फोन करा. त्यांची माणसं येऊन खालच्या वाहिन्या फुकट आखून देतात.

घरातलं थोडं. हिवाळ्यात खिडक्या बंद असताना मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म किंचाळतो. एग्झॉस्ट लावा, झाकण ठेवा, पण अलार्मची बॅटरी काढू नका आणि त्यावर प्लास्टिक बांधू नका. पूजेची समई रात्री विझवून झोपा. दिवाळीत फुलबाजी आणि सापाच्या गोळ्या २०१७ पासून चालतात. लवंगी, बॉम्ब, रॉकेट चालत नाहीत. आणि खरंच आग लागली तर सामान गोळा करत बसू नका. आधी बाहेर पडा, मग ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करा. बिल येईल का, शेजारी काय म्हणतील, या विचारात आपली माणसं फोन लांबवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटची विनंती. फायर कंपन्यांना माणसं कमी पडतात, विशेषतः दिवसा, कारण स्वयंसेवक कामावर गेलेले असतात. आपल्यातले कितीतरी जण घरून काम करतात. प्रशिक्षण फुकट मिळतं. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काही महिने द्यावे लागतात. शिडी चढणं जमणार नसेल तर हिशेब, नोंदी, वर्गणीची पत्रं यांनाही हात हवेच असतात. ऑक्टोबरात अग्निप्रतिबंध सप्ताह असतो. १८७१ च्या शिकागोच्या आगीच्या आठवणीत तो पाळतात. बहुतेक फायरहाउसं तेव्हा सगळ्यांसाठी खुली असतात. मुलांना बंबात बसवून आणा, आणि परतताना सभासदत्वाचा अर्ज मागून घ्या.